लहान मुलांना घेऊन तीन दिवस मुंबईत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर गिरगावचं, सासर कोल्हापूरचं. माहेरची चाळ पुनर्विकासात गेली, त्यामुळे गेली काही वर्षं मीही माझ्याच शहरात पाहुणी म्हणून येते. मुलगी आता आठ वर्षांची आहे, मुलगा चार. जोडून सुट्टी आली की मैत्रिणी, नणंदा, शाळेतल्या इतर आया तेच ते प्रश्न पाठवतात. ते सगळे इथे एका जागी लिहून काढले आहेत. उत्तरं पुण्या-कोल्हापूर-नाशकाकडून येणाऱ्या आणि दहा वर्षांच्या आतली मुलं असणाऱ्या घरांसाठी आहेत.

१. मूल किती वर्षांचं झाल्यावर मुंबई दाखवायला न्यावं?

दाखवायलाच न्यायचं असेल तर चार-साडेचारच्या पुढे. त्या वयात मूल स्वतःच्या पायाने तासभर चालतं, शू आल्याचं वेळेवर सांगतं आणि घरी गेल्यावर आजीला पेंग्विनची गोष्ट सांगतं. दीड ते तीन हे सगळ्यात दमवणारं वय. कडेवर राहायचं नसतं आणि रस्त्यावर सोडता येत नाही. अंगावर पिणारं सहा-आठ महिन्यांचं बाळ मात्र वाटतं त्यापेक्षा सोपं असतं, कारण त्याचं जेवण आईबरोबरच फिरतं. फक्त त्या वेळी ही सहल तुमची आहे, बाळाची नाही, हे मनाशी धरून निघा.

२. तीन दिवसांत काय काय होईल? आमच्या यादीत अकरा ठिकाणं आहेत.

तीन होतील. फार तर चार.

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. लहान मुलांचा दिवस तीन तुकड्यांचा असतो. सकाळी नऊ ते साडेबारा मूल ताजं असतं, तेव्हा एक ठिकाण. साडेबाराला जेवण आणि त्यानंतर खोलीवर परत. झोप, नाहीतर नुसतं पंख्याखाली लोळणं. साडेचारला पुन्हा बाहेर, आणि ते समुद्रावर, बागेत किंवा बसच्या वरच्या मजल्यावर. जिथे रांग नाही, "हात लावू नकोस" नाही, अशा जागी. आठला जेवून झोप.

दुपार गाळून "आता आलोच आहोत तर" म्हणत दुसरं ठिकाण गाठलं, की पाच वाजता मूल रस्त्यावर बसकण मारतं. पहिल्या सहलीत मी हेच केलं होतं. सकाळी राणीबाग (भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय), दुपारी संग्रहालय, संध्याकाळी गेटवे. मुलगी तेव्हा साडेतीनची होती. गेटवेसमोर ती अर्धा तास रडत होती आणि तिला फोटोसाठी हसायला लावण्यात आम्ही दोघं गुंतलो होतो. तो फोटो मी अजून ठेवलाय.

३. जोडून सुट्टी शुक्र-शनि-रवि चांगली की शनि-रवि-सोम?

शुक्र-शनि-रवि. सोमवारी एलिफंटा बंद, बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान बंद, वरळीचं नेहरू तारांगण बंद. शनि-रवि-सोम अशी सुट्टी मिळाली तर ही ठिकाणं पहिल्या दोन दिवसांत उरका आणि सोमवार काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासाठी किंवा नेहरू विज्ञान केंद्रासाठी ठेवा.

राणीबाग आणि तिच्या शेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं. यातली मेख अशी की बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर राणीबाग त्या दिवशी उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, बंद. मधल्या वारी सुट्टी जोडून येणाऱ्यांनी हे आदल्या दिवशी नक्की करून घ्यावं.

रविवारी मेगाब्लॉकही (दुरुस्तीसाठी काही तास लोकल बंद) असतो; त्याबद्दल प्रश्न ७ पाहा.

४. राहायचं कुठे? दक्षिण मुंबई महाग पडते, म्हणून ठाणे-वाशीत राहिलं तर?

खोलीचे वाचलेले पैसे दुपारची झोप घालवून फेडावे लागतात. ठाण्याहून फोर्टला येऊन दुपारी परत जाणं शक्य नाही, म्हणजे प्रश्न २ मधला दिवस उभाच राहत नाही. तीन रात्रींऐवजी दोनच रात्री राहा, पण फोर्ट, चर्चगेट, कुलाबा किंवा गिरगावात राहा. तेही जमणार नसेल तर दादर. खोल्या साध्या मिळतात, मध्य आणि पश्चिम दोन्ही लोकल आहेत, आता भुयारी मेट्रोही आहे, आणि वरणभात-थालीपीठ हाकेच्या अंतरावर.

बुकिंग करताना फोनवरच विचारा: लिफ्ट आहे का (जुन्या इमारतींत तिसरा मजला म्हणजे उंच जिने), गरम पाणी किती ते किती, जादा गादी फुकट की पैसे, रात्री दूध मिळेल का, खिडकी कुठे उघडते. हमरस्त्यावरची खोली मूल झोपेपर्यंतच छान वाटते. मुलांची आधार कार्डंही बरोबर ठेवा, काही ठिकाणी सगळ्यांची मागतात.

५. रेल्वेत मुलांचं तिकीट कसं असतं? अर्धं तिकीट काढलं तर जागा मिळते ना?

पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच पूर्ण ते बारा वर्षांखालच्या मुलाचं आरक्षित डब्यात अर्धं तिकीट निघतं, पण त्यावर बर्थ मिळत नाही. बर्थ हवा तर पूर्ण भाडं. हा नियम २०१६ पासूनचा आहे, तरी "अर्ध्या तिकिटावर सीट मिळते" ही जुनी आठवण अनेक घरांत पक्की आहे आणि गाडीत चढल्यावर भांडणं होतात.

पुणेकरांना नडतो तो अपवाद वेगळाच. एसी चेअर कार आणि आरक्षित सेकंड सिटिंगमध्ये "जागा नको, अर्धं तिकीट द्या" ही सोयच नाही. डेक्कन क्वीनने येणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाचं पूर्ण तिकीट काढावं लागतं, आणि त्याला जागा मिळते.

मुंबईच्या लोकलमध्ये पाच वर्षांखाली फुकट, पाच ते बारा अर्धं.

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. दिवसा धावणाऱ्या काही गाड्यांना मुदत याहून कमी असते. जोडून सुट्टीची तिकिटं पहिल्या दिवशीच संपतात, त्यामुळे कॅलेंडरवर दोन खुणा करा: जाण्याच्या तारखेची एक, येण्याच्या तारखेची दुसरी. परतीचं तिकीट वेटिंगवर राहिलं तर प्रश्न २० पाहा.

६. स्वतःची गाडी, रेल्वे की एसटी?

रेल्वे मिळत असेल तर रेल्वे. मुलं हिंडतात, खातात, शू करतात आणि प्रवास हाच खेळ होतो. पुण्याहून डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला सुटते आणि साडेदहाच्या आत सीएसएमटीला लावते. ही गाडी १ जून १९३० रोजी सुरू झाली. तिला अजून डायनिंग कार आहे, आणि चालत्या गाडीत टेबलावर बसून ऑम्लेट खाणं हे मुलांना पेंग्विनइतकंच लक्षात राहतं. घाटातले बोगदे मोजायला सांगा, खंडाळा ते कर्जत कोणी कुरकुर करत नाही. मोठ्या काचांचा व्हिस्टाडोम डबाही काही पुणे-मुंबई गाड्यांना असतो. कोल्हापूरकरांसाठी महालक्ष्मी एक्स्प्रेस: रात्री चढा, झोपा, सकाळी मुंबई. खोली दुपारी मिळणार असेल तर सामान हॉटेलात ठेवू देतात का, हे आधी विचारून ठेवा.

एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे, शिवनेरीतही. पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही निम्मं. आई आणि दोन मुलं असा प्रवास असेल तर हा फार मोठा फरक पडतो. बसमध्ये स्वच्छतागृह नसतं, एवढं धरून चाला.

स्वतःची गाडी मी शेवटी ठेवते. जोडून सुट्टीच्या पहिल्या सकाळी आणि शेवटच्या संध्याकाळी बोरघाटात गाड्या तासन्‌तास अडकतात आणि मागच्या सीटवर मुलाला उलटी होते. गाडीच न्यायची असेल तर पहाटे पाचच्या आधी घाट उतरा. मुलाला रिकाम्या पोटी बसवू नका आणि भरपेट दूधही देऊ नका. कोरडी पोळी किंवा बिस्किट बरं. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट नसेल तर मोटार वाहन कायद्यात १,००० रुपये दंड आहे. दंड राहू द्या, पण पुढच्या सीटवर मांडीत मूल घेऊन एक्स्प्रेसवेवरून येणारी माणसं अजून दिसतात. तसं करू नका.

७. शहरात फिरायचं कसं? लोकलमध्ये मुलांना न्यायची भीती वाटते.

भीती वेळेची ठेवा. सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे जाणारी आणि संध्याकाळी पाच ते नऊ उत्तरेकडे जाणारी लोकल मुलांसाठी नाही. त्या दोन वेळा सोडल्या, विशेषतः सुट्टीच्या दिवशी, तर खिडकीही मिळते. दोन नियम मात्र घरूनच ठरवून या. चढताना एक मोठा माणूस आधी, मग मुलं, मग दुसरा मोठा; उतरतानाही तसंच. आणि गाडी सुटत असेल तर सोडून द्यायची, मागून दुसरी येते. फलाट आणि डबा यांच्यात फट असते, तिथे मुलाचा हात नाही, दंड धरा.

रविवारी मध्य आणि हार्बर मार्गावर बहुधा मेगाब्लॉक असतो, पश्चिम मार्गावरही काही रविवारी ब्लॉक असतो. शनिवारी जाहीर होतो. तो पाहूनच रविवारचं ठरवा.

भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण सुरू झाली आहे आणि मुलांच्या घरांसाठी तिने मुंबई बदलली असं मला मनापासून वाटतं. लिफ्ट आहेत, गार आहे, फलाटावर काचेची भिंत आहे. हुतात्मा चौक, सीएसएमटी, गिरगाव, सायन्स सेंटर, सिद्धिविनायक, दादर अशी थेट तुमच्या उपयोगाची स्थानकं आहेत.

बाहेरगावच्या लोकांना न माहीत असलेली एक गोष्ट: रिक्षा वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला चालत नाहीत. तिकडे काळी-पिवळी टॅक्सी, मीटरने. आणि बेस्टची दुमजली बस विसरू नका. जुन्या लाल डबलडेकर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या, पण त्याच वर्षी विजेवरच्या वातानुकूलित दुमजली गाड्या आल्या. सीएसएमटीकडून नरिमन पॉइंटच्या बाजूला जाणारी मिळाली तर वरच्या मजल्यावर पुढच्या काचेजवळ बसा. एवढ्या स्वस्तात मुलांना इतका आनंद मुंबईत दुसरं काही देत नाही.

८. राणीबागेत पेंग्विन दिसतात का? फार गर्दी असते म्हणे.

दिसतात, काचेपलीकडे, अगदी जवळून. हम्बोल्ट जातीचे पेंग्विन २०१६ मध्ये आले आणि २०१७ पासून लोकांना पाहता येतात. गर्दी असते हेही खरं.

उपाय एकच: साडेनऊला दार उघडतं तेव्हा दारात असा. तिकीट ऑनलाइन काढून ठेवा. दोन मोठे, दोन मुलं असं कौटुंबिक तिकीट मिळतं. आत शिरल्यावर हरणं-माकडं करत न रेंगाळता आधी पेंग्विनकडे जा, ती रांग अकरानंतर वाढत जाते. मग सावकाश वाघ, अस्वल, पक्ष्यांचं मोठं दालन. सुट्टीच्या दिवशी गर्दी वाढली की तिकीट खिडकी लवकर बंद करतात, म्हणून "दुपारी जाऊ" हा बेत नको.

भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरलात की चालत पोचता. बाग १८६१ सालची आहे आणि झाडं तशीच जुनी, त्यामुळे उन्हातही सावली मिळते. मुलांना दम लागला की एखाद्या मोठ्या खोडाजवळ बसवा. माझ्या मुलाला तिथला वाघ आठवत नाही, कैलासपतीच्या झाडाला खोडावरच फुलं येतात हे आठवतं.

९. संग्रहालयात मुलं कंटाळणार नाहीत का?

सगळं दाखवायला गेलात तर कंटाळतील. वस्तुसंग्रहालयात पाच वर्षांच्या मुलाला दोनच दालनं दाखवा: प्राणी-पक्ष्यांचं आणि शस्त्रांचं. मग २०१९ मध्ये खास मुलांसाठी सुरू झालेलं बालसंग्रहालय. दीड तासात बाहेर. जाता जाता सांगा की ही इमारत आणि गेटवे ऑफ इंडिया एकाच माणसाने, जॉर्ज विटेटने, आखले. संध्याकाळी गेटवेसमोर मुलं दोन्हींतलं सारखं काय ते शोधत बसतात.

सहाच्या पुढच्या मुलांना वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र अधिक आवडतं. १९८५ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात हात लावायला बंदी नाही. उलट हात लावल्याशिवाय तिथे काही कळतच नाही. बाहेरच्या बागेत जुनं वाफेचं इंजिन उभं आहे. इथे अर्धा दिवस सहज जातो. वरळीच्याच तारांगणात अंधार होतो आणि आवाज मोठा असतो. चारच्या आतली मुलं घाबरतात, तेव्हा मोठ्यांपैकी एकाने बाहेर थांबायची तयारी ठेवा आणि मराठी खेळाची वेळ आधी विचारून घ्या.

१०. समुद्रावर कुठे न्यावं? पाण्यात उतरू द्यावं का?

गिरगाव चौपाटी, संध्याकाळी. वाळू आहे, भेळ आहे, हॉटेल जवळ आहे. घोटाभर पाण्यापलीकडे मुलांना नेऊ नका आणि भरतीच्या वेळी तेवढंही नको. भरती-ओहोटीच्या वेळा वर्तमानपत्रात येतात. सकाळच्या चहाबरोबर पाहायची सवय लावा. कपड्यांचा एक जास्तीचा जोड आणि पायाला लागलेली वाळू झाडायला जुना टॉवेल पिशवीत हवा.

वाळू नको असेल तर मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसून दिवे लागताना पाहा. कट्टा रुंद आहे, पण पलीकडे थेट काँक्रीटचे चौपायी ठोकळे आणि समुद्र. मुलाचं तोंड रस्त्याकडे आणि तुमचा हात त्याच्या कमरेला.

११. एलिफंटाला लहान मुलं नेता येतात का? बोटीची भीती वाटते.

पाचच्या पुढची मुलं नेता येतात. गेटवेहून साधारण तासभराचा बोटीचा प्रवास, धक्क्यावरून पायथ्यापर्यंत छोटी गाडी, मग १२० पायऱ्या. कडेवरचं मूल असेल तर त्या पायऱ्या तुम्हाला चढायच्या आहेत.

भीती अनाठायी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये एलिफंटाला निघालेल्या प्रवासी बोटीला स्पीडबोट धडकून माणसं दगावली. म्हणून बोटीत पाय ठेवायच्या आधी मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट मागा. मोठ्याचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटतं. मापाचं नसेल, किंवा बोट खच्चून भरलेली दिसली, तर मागे फिरा. तिकिटाचे पैसे बुडाले तरी चालतील.

वर माकडं आहेत, ती हातातला खाऊ ओढतात. पाण्याची बाटलीही पिशवीत ठेवा. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी थांबतात, तेव्हा पावसाळी सहलीत एलिफंटा धरूच नका. चारच्या आतल्या मुलाला बोटच हवी असेल तर गेटवेवरून छोटी फेरी पुरते.

१२. मुलं तिखट खात नाहीत. जेवणाचं काय करायचं?

एक जेवण ओळखीचं, एक नवं, असं ठेवा. दादरला शिवाजी पार्काच्या बाजूला मराठी उपाहारगृहं आहेत: आस्वाद, प्रकाश. साबुदाण्याचे वडे, थालीपीठ, पीयूष. सुट्टीच्या दिवशी साडेबाराच्या आत पोचा, एकनंतर दारात रांग लागते आणि भुकेलं मूल रांगेत उभं राहत नाही. फोर्टात सीएसएमटीसमोर पंचम पुरीवाला आहे. पुरी-भाजी नाकारणारं मूल मी पाहिलेलं नाही. नव्यातलं म्हणाल तर धोबी तलावच्या कयानीत बनमस्का आणि चर्चगेटजवळ के. रुस्तमचं दोन बिस्किटांमधलं आइस्क्रीम. ते हातात वितळतं, पंधरा मिनिटं कट्ट्यावर बसून निवांत खाऊ द्या.

घरून मेतकूट, तूप, गूळपोळी किंवा दशम्या आणा. रात्री मूल काहीच खाईना तर हॉटेलातून साधा भात मागवून मेतकूट-तूप. बाहेरचा गोळा, उघडी कापलेली फळं आणि बाहेरच्या पाण्याचं सरबत मुलांना देऊ नका. मी याबाबतीत कडक आहे.

१३. डायपर बदलणं, अंगावर पाजणं, शू-शी... कुठे सोय असते?

एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष असतात, मोठ्या रेल्वे स्थानकांवर स्तनपानाची खोली असते. काही वेळा कुलूप असतं. किल्ली नियंत्रकाकडे मागायची, संकोच करायचा नाही. शहरात मॉल, मोठी हॉटेलं आणि संग्रहालयं यांवर भिस्त ठेवा. समुद्रकिनाऱ्यावर सोय अपुरी आहे, म्हणून खोलीतून निघताना सगळ्यांनी शू करून निघायचं, "आली नाही" म्हटलं तरी. पाजण्यासाठी सुती ओढणी आणि टॅक्सीची मागची सीट हे माझं वर्षभर चाललेलं साधन होतं.

१४. बाबागाडी आणावी का?

नाही. फुटपाथ उंच-सखल, रेल्वे पुलांना जिने. कडेला बांधायची झोळी किंवा पाठीवरचं कॅरिअर आणा. अपवाद: जुळी मुलं, किंवा आई-वडिलांपैकी कुणाची पाठ दुखत असेल तर. तेव्हा घडीची हलकी गाडी आणा आणि मेट्रो-टॅक्सी एवढ्यावरच फिरा.

१५. गर्दीत मूल हरवलं तर?

आधीची तयारी: रोज सकाळी खोलीतून निघताना त्या दिवसाच्या कपड्यांत मुलाचा फोटो काढा. मनगटावर आतल्या बाजूला पेनाने तुमचा मोबाइल नंबर, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी. मुलाला एकच वाक्य शिकवा: "हरवलो तर हलायचं नाही, मोठ्याने आईचं नाव घेऊन हाक मारायची." नुसतं "आई" म्हटलं तर दहा आया वळतात.

प्रत्यक्ष हरवलं तर एकाने जागेवर उभं राहायचं, दुसऱ्याने शोधायचं. पाच मिनिटांत सापडलं नाही तर लाज-संकोच न करता ११२, मुलांची मदतवाहिनी १०९८, रेल्वेच्या हद्दीत १३९. फोटो दाखवा.

मूल लोकलमध्ये राहिलं आणि तुम्ही फलाटावर, किंवा उलट, ही सगळ्यांना वाटणारी धास्ती. बोलू लागलेल्या मुलाला सांगून ठेवा: गाडीत राहिलास तर पुढच्या स्टेशनवर उतरून तिथल्याच बाकावर बस. डब्यातल्या बायका मुलाला एकटं सोडत नाहीत. माझ्या लहान बहिणीला तशाच एका मावशींनी ग्रँट रोडला उतरून हात धरून बसवून ठेवलं होतं, आम्ही पोचेपर्यंत.

१६. पंधरा ऑगस्टची जोडून सुट्टी आहे. पावसात जावं का?

जा, पण सगळा बेत छताखालचा ठेवा: वस्तुसंग्रहालय, विज्ञान केंद्र, भाऊ दाजी लाड. राणीबाग रिमझिमीत सुंदर असते. समुद्र लांबूनच. रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून मुलांना चालवू नका, त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि पायाला खरचटलेलं असेल तर धोका अधिक. चालावंच लागलं तर खोलीवर येऊन साबणाने पाय धुवा, आणि पुढच्या काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना या पाण्याबद्दल आवर्जून सांगा. मोठ्या पावसाचा इशारा आणि मोठी भरती एकाच दिवशी असेल तर तो दिवस खोलीत पत्ते खेळण्याचा.

१७. गणपतीत मुलांना लालबागला न्यावं का?

लहान मुलांना त्या रांगेत नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तासन्‌तास उभं राहणं, रेटारेटी, पाण्याची वानवा. श्रद्धा असेल तर घरातल्या एका मोठ्याने जाऊन यावं, मुलांनी खोलीवर झोपावं.

मुलांना गणपती दाखवायचा असेल तर गिरगावात या. केशवजी नाईक चाळीतला उत्सव १८९३ पासूनचा आहे. मूर्ती छोटी, चाळीच्या अंगणातलं वातावरण घरचं, आणि मूल मूर्तीसमोर उभं राहून पाहू शकतं. शेजारीच खोताची वाडी. विसर्जनाच्या दिवशी मात्र सकाळीच शहर सोडा. दुपारनंतर टॅक्सी मिळत नाही आणि रस्ते बंद होतात.

१८. एक मूल तीनचं, दुसरं नऊचं. दोघांना एकदम काय आवडेल?

एकदम काहीच नाही, म्हणून सकाळी वाटणी करा. एक पालक नऊवाल्याबरोबर विज्ञान केंद्रात, दुसरा तीनवाल्याबरोबर मलबार हिलच्या कमला नेहरू पार्कात "म्हातारीच्या बुटा"पाशी. दुपारी खोलीवर सगळे एकत्र. एका दिवशी तरी मोठ्या मुलाला एकट्याला आई किंवा बाबा मिळू दे. नऊ वर्षांच्या मुलाला सतत "तू मोठा आहेस ना" ऐकावं लागतं.

आई एकटीच दोन मुलांना घेऊन येत असेल तर वाटणी शक्य नाही. तेव्हा धाकट्याच्या चालीने चला. लोकलमध्ये महिलांच्या डब्यातून या. बारा वर्षांखालचा मुलगा आईबरोबर तिथे बसू शकतो, हे रेल्वे कायद्यातच आहे, कुणी हटकलं तर शांतपणे सांगा. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांच्याकडे मुलं सोपवून दिवसभर हिंडू नका. दुपारची झोप त्यांनाही हवी असते.

१९. आमच्या लहानपणी एस्सेलवर्ल्ड आणि तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं. ते दाखवायचंय.

एस्सेलवर्ल्ड २०२२ पासून बंद आहे. तारापोरवाला मत्स्यालयही बरीच वर्षं बंद राहिलंय. उघडल्याची खात्री झाल्याशिवाय मुलांना कबूल करू नका. मोठाल्या पाळण्यांसाठी खोपोलीजवळ इमॅजिका आहे, पण तिथे बहुतेक खेळांना उंचीची अट असते आणि ती वेगळी सहल आहे, मुंबईच्या तीन दिवसांत कोंबू नका. तुमच्या लहानपणीचं काही दाखवायचंच असेल तर म्हातारीचा बूट अजून आहे.

२०. परतीचं तिकीट वेटिंगवरच राहिलं तर?

ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावर पूर्ण वेटिंगवरच असेल तर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात. त्या तिकिटावर आरक्षित डब्यात चढता येत नाही. एकाच तिकिटावर काहींची जागा पक्की आणि काहींची वेटिंगवर असेल तर तिकीट रद्द होत नाही, सगळे जाऊ शकतात. मग असलेल्या जागांवर मुलांना आलटून पालटून बसवायचं. म्हणून घरातल्या सगळ्यांची तिकिटं एकाच पीएनआर नंबरवर काढा, तुकडे करू नका.

माझी सोय अशी असते: परतीची गाडी सुट्टीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळची न ठेवता, त्या दिवशीच्या सकाळची ठेवायची. संध्याकाळी सगळं राज्य परतत असतं, सकाळी गाड्या आणि रस्ते तुलनेने मोकळे. तेही फसलं तर पुण्यासाठी दादरहून शिवनेरी. कोल्हापूरकरांनी पुण्यापर्यंत येऊन स्वारगेटहून पुढची एसटी धरायची. मुलांचा रात्रीचा डबा मात्र मुंबईतूनच भरून घ्या, दहीभात आणि केळी. स्वारगेटला पोचेपर्यंत कुणी ना कुणी भूक भूक करतंच.